रंगुबाईचा पुण्यातला मुक्काम

पुणतांब्यात कुणालाही विचारा, रंगुबाईचं घर कुठं, तर माणूस आधी गोठा दाखवील आणि मग म्हणेल, त्याच्या मागं घर. घर पोरानं बांधलेलं, स्लॅबचं, पुढं ग्रिल, आत गुळगुळीत फरशी. पण रंगुबाईचा जीव पत्र्याच्या गोठ्यात. जेवायला ती घरात यायची आणि चूळ भरायला गोठ्यात जायची.

लग्नात बापानं तिला एक कालवड आंदण दिली होती. चांदणी. नवरी बैलगाडीत बसून सासरी आली आणि कालवड गाडीच्या मागं चालत आली. त्या चांदणीच्या पोटची पुढची, तिच्या पोटची त्याच्या पुढची, असा वंश गोदावरीच्या पाण्यासारखा कधी भरून, कधी बारीक होऊन वाहत राहिला. मधे दुष्काळ येऊन गेला. जनावरांच्या छावणीत रंगुबाईनं पाचटाच्या झोपडीवजा कोपीत रात्री काढल्या. नवरा गेला. नदीला पूर येऊन काठचा ऊस आडवा झाला. पण दावणीची गाय कधी सुटली नाही. संकराचं रक्त मिसळलं, शिंगं आखूड झाली, दूध वाढलं, तरी कपाळावरचा पांढरा ठिपका आईकडून लेकीकडं उतरत राहिला. रंगुबाई त्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणायची, "माज्या म्हायेराचं येवढंच उरलंय. बाकी समदं सासरचं हाय."

आता दावणीला चार गाई होत्या. त्यातल्या हरणीचे दिवस भरले होते. हरणी मोठी मानी गाय. गेल्या साली तिला पाण्यावर नेताना तिनं असा हिसका दिला की रंगुबाई दगडावर पडली आणि उजवं मनगट मोडलं. आत हाडाला धातूची पट्टी बसवली. डॉक्टर म्हणाले, "आजी, आता गाईखाली बसायचं नाही." रंगुबाई "व्हय" म्हणाली आणि हात गळ्यातल्या झोळीतून निघाल्याबरोबर डाव्या हातानं धार काढायला बसली. कारण हरणी दुसऱ्या कुणाला कासेला शिवू देत नव्हती. सुनेनं बसून बघितलं, पोरानं बसून बघितलं. लाथ तरी खायची, नाहीतर कोरडी बादली घेऊन उठायचं. हरणीचा पान्हा रंगुबाईच्याच हाताला उतरायचा.

अशा वेळी भागवतनं पुण्याचं काढलं.

भागवत तिचा एकुलता एक. राहात्याला त्याचं शेतीऔषधांचं दुकान, पेरूच्या बागावाल्यांत ऊठबस. ताटावर बसल्या बसल्या तो म्हणाला, "आई, सुट्टी हाय संस्कृतीला. पुन्याला जाऊ. हाटेलात राहू, फिरू, खाऊ."

"कशाला? कुनी आजारी हाय का?"

"आजारी असल्याबिगर जायचं न्हाई का?"

"आजवर तर गेलो न्हाई."

नात संस्कृती मोबाईल घेऊन तिच्या मांडीवर येऊन पडली. "आज्जी, तिथं टर्किश जेवण मिळतं! हे बघ. हा टोपीवाला काका आइस्क्रीम देतो, देतो आणि देतच नाही. आपण हात पुढं केला की काढून घेतो."

रंगुबाईनं निरखून बघितलं. "आन् पैशे?"

"पैसे आधीच घेतो."

"मंग ह्यो निवडनुकीला उभा ऱ्हायला पायजे."

सगळे हसले. सून राजेश्वरी मात्र जरा जास्तच हसली आणि हसता हसता ताट उचलून आत गेली. रंगुबाईच्या ते ध्यानात आलं. "हरणीचे दिस भरलेत," ती म्हणाली. "आज व्याली का उद्या. मी न्हाई येत."

"कानिफनाथ चुलता बघंल की."

"कानिफनाथ? त्यो सोताच्या शेळीला चारा घालायचा इसरतो."

पण नातीनं गळ्यात हात टाकले. जन्मात माणूस एकदा तरी मोडतो तो नातवंडांपुढं. रंगुबाई मोडली.

निघायच्या सकाळी आक्रीत झालं. कानिफनाथ, तिचा दीर, तिसऱ्या हाकेला 'ओ' देणारा गडी, हाक न मारता दारात येऊन उभा राहिला. अंघोळ केलेली, टोपी धुतलेली. "जावा वहिनी, निवांत जावा," म्हणाला. म्हणताना नजर मात्र रंगुबाईच्या पायाशी.

ती गोठ्यात गेली. एकीच्या मानेखाली खाजवलं, दुसरीच्या पाठीवर थाप मारली. हरणीनं गव्हाणीत तोंड घातलं नव्हतं. हिरवा मका तसाच. ती रस्त्याकडं बघत होती, कान ताठ. "येते गं," रंगुबाई म्हणाली. हरणीनं तिच्याकडं मान वळवली नाही.

गाडी पाटाच्या पुलावर आली तेव्हा समोरून एक रिकामा टेम्पो आला. हौद्यात ताजा भुसा अंथरलेला, कडेला दोर बांधायच्या कड्या. भुसा असा माणसांसाठी अंथरत नाहीत. रंगुबाई मान वळवून बघत राहिली.

"कुनाचा रं ह्यो टेम्पो?"

"असंल कुनाचा तरी," भागवत म्हणाला आणि त्यानं गाडी दामटली.

पुण्यातलं हॉटेल उंच होतं. लिफ्ट वर निघाली तेव्हा रंगुबाईनं राजेश्वरीचा दंड घट्ट धरला. खोलीत पांढऱ्या शुभ्र चादरी, एवढ्या ताठ की बसायचा धीर होईना. संस्कृतीनं गादीवर उडी मारून दाखवली, तेव्हा ती कडेला टेकली. न्हाणीत एका नळातून गार, एकातून ऊन पाणी. ती पुष्कळ वेळ नुसता हात धरून उभी राहिली. "चूल न्हाई, बंब न्हाई, आन् पानी कढतंय!" खिडकीतून बघितलं तर खाली माणसं मुंगीएवढी. गार वाऱ्याच्या यंत्राखाली ती पडली आणि दुपारी, उभ्या दिवसा, तिला झोप लागली. लग्न झाल्यापासून ती दुपारी झोपली नव्हती. जागी झाली ती दचकून. कुणीतरी हंबरल्यासारखं वाटलं. खोलीत यंत्राची घरघर होती, दुसरं काही नाही.

संध्याकाळी टर्किश जेवायला गेले. रंगीत काचांचे दिवे, भिंतीवर निळ्या फुलांच्या फरश्या. वाढणारा लाल टोपी आणि जरीचं जाकीट घातलेला, मिशीवाला. त्यानं वाकून इंग्रजीत काही म्हटलं. भागवतनं मराठीत विचारलं तर तो म्हणाला, "मी पाथर्डीचा हाय, दादा. टोपी तेवढी तिकडची."

"आन् आईबाप?" रंगुबाईनं विचारलं.

"ते गेल्यात कारखान्यावर, ऊस तोडायला. मला बघितलं ह्या टोपीत तर वळखायची न्हाईत." तो हसला आणि पुढं म्हणाला, "आज्जी, तुमाला तिखट लागत नसंल तर हे जेवन लई ग्वाड."

आणि खरंच गोड लागलं. आधी मसुरीचं दाट सूप आलं, वर लिंबू पिळलेलं. रंगुबाईनं वाटी पुसून खाल्ली. मग होडीच्या आकाराची रोटी, मधे पालक आणि वितळलेलं चीज, कडा खरपूस. "भट्टीचा जाळ चांगला हाय यांचा," ती म्हणाली. भागवतनं कोंबडीचे कबाब घेतले. पेल्यात पांढरं, फेसाळ काहीतरी आलं. तिनं घोट घेतला आणि मिशीवाल्याकडं बघितलं.

"हे ताक हाय."

"आयरान म्हंत्यात, आज्जी."

"म्हनू देत. ताकच हाय. मीठ जरा हात सोडून घातलंय. पन दही चांगलं लागलंय, आंबाट न्हाई."

शेवटी कुनाफा आला. बारीक शेवयांत भाजलेलं चीज, वर साखरेचा पाक. संस्कृतीनं ते चमच्यानं उचललं तर तार लांबच लांब आली आणि आजी-नात दोघी हसायला लागल्या. हसताना रंगुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याच्याच बुडाशी काहीतरी गार, चिकट बसलेलं होतं, विहिरीच्या तळाला गाळ बसावा तसं.

"भागवत, कानिफनाथला फोन लाव. धारांची येळ हाय."

"सकाळी लावू, आई."

"आता लाव."

भागवतनं लावला. कानिफनाथ म्हणाला, "बऱ्या हायेत वहिनी, समद्या बऱ्या हायेत. हरणी बी बरी हाय."

रंगुबाई त्याचं बोलणं ऐकतच नव्हती. ती त्याच्या मागचं ऐकत होती. धारांच्या वेळी गोठा कधी गप नसतो. बादलीचा आवाज होतो, दावं गव्हाणीला घासतं, एखादी हंबरते, दुसरी फुरफुरते. फोनमध्ये कानिफनाथच्या आवाजामागं काहीच नव्हतं. दूरवर कुठंतरी भोंगा वाजत होता, तेवढाच.

"मोबाईलवर दाव मला. तोंड दाव हरणीचं."

"रेंज न्हाई, वहिनी," म्हणून त्यानं फोन ठेवला.

राजेश्वरी पाण्याचा पेला फिरवत बसली होती. तिनं वर बघितलं नाही. भागवत म्हणाला, "चहा घेऊ. इथला चहा पेशल असतो." कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यात बिनदुधाचा, तांबडा चहा आला. रंगुबाईनं तो तसाच ठेवला.

सकाळी हॉटेलच्या खालच्या दालनात न्याहारी होती. तिथंही एका टेबलावर टर्किश थाट मांडलेला. काकडी, टोमॅटो, काळी फळं, चार तऱ्हेचं चीज, आणि एका बशीत जाड पांढरी वळकटी, वर मध सोडलेला. संस्कृतीनं ती आजीपुढं ठेवली. "आज्जी, कायमाक. खाऊन बघ."

रंगुबाईनं बोटानं उचललं. साय. मंद आचेवर ठेवलेल्या दुधाची, म्हशीच्या दुधाची, जाड साय. ती जिभेवर ठेवून तिनं डोळे मिटले. लहानपणी आई भाकरीवर अशीच साय द्यायची, वर गूळ. इतकं चांगलं तिला कित्येक वर्षांत कुणी खायला दिलं नव्हतं. "राजेश्वरे, हे खा गं," ती म्हणाली आणि डोळे उघडले.

राजेश्वरी रडत होती. आवाज न करता, रुमाल तोंडाला लावून.

रंगुबाई उठली. दालनाबाहेर कुंड्यांच्या आड भागवत पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता, दबक्या आवाजात. "व्हय चुलत्या, ते झालं. पन दावी काढून घेतली ना सगळी? एकीचं बी दावं त्यांच्यासंगं गेलं न्हाई ना? खुट्टीला अडकवून ठेव घरात."

रंगुबाई जागच्या जागी थांबली. गाय विकली तरी तिचं दावं विकत नाहीत. दावं गेलं तर गोठ्याची बरकत जाते. हे भागवतला कुणी शिकवलं होतं? तिनंच. तो हाफ चड्डीत होता तेव्हा, शेजारच्यांचा बैल बाजाराला निघाला असताना. बाकी सगळं त्यानं लपवलं होतं, टेम्पो लपवला, चुलता फितवला, बायकोला गप केलं. आईची शिकवण मात्र त्याला मोडवली नाही.

ती परत येऊन खुर्चीवर बसली. भागवत आला, हसत. "खाल्लं का काही?"

"भागवत, दावी किती निघाली?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, आतलं सगळं गेलं.

"चारी?"

"आई..."

"चारी का?"

"चारी," भागवत म्हणाला. मग एकदम त्याला बोलणं सुटलं. "तुला सांगितलं असतं तर दिल्या असत्या का? त्या हातात पट्टी हाय, आई. रात्री तू कन्हतीस ते मला ऐकू येत न्हाई व्हय? डाक्टर म्हनला, आता पडली तर हात कामातून जाईल. तुझं तू थांबली असतीस का? सांग की. थांबली असतीस?"

"न्हाई."

"मंग मी काय करायचं? चांगल्या जागी दिल्यात. शिरूरच्या पुढं सुप्याला काकासाहेबांचा गोठा हाय, मोठा, पंखे हायेत गाईंना. कसायाला न्हाई दिल्या मी."

"हरणी भरल्या दिसाची हाय," रंगुबाई हळू बोलली. "भरल्या दिसाची गाय टेम्पोत घालत न्हाईत. येवढं बी शिकवलं हुतं मी तुला. ते इसरलास."

 तेवढ्यात भागवतचा फोन वाजला. त्यानं घेतला, ऐकलं, आणि त्याचा रंग उतरला. फोन सुप्याहून होता. हरणी टेम्पोतच व्याली होती, कालवड होती. पण उतरवल्यापासून गाय कुणाला जवळ येऊ देत नव्हती. मशीन लावू देईना, हात लावू देईना, वासराला लाथ मारली. कास दगडासारखी झाली होती, अंगात ताप भरला होता. डॉक्टर सुई देऊन गेला, म्हणाला, कास मोकळी झाली नाही तर काही खरं नाही. काकासाहेब विचारत होते, ही कुणाच्या हातची आहे?

"माज्या," रंगुबाई म्हणाली आणि उठली.

शिरूर मागं पडलं. संस्कृती आजीच्या कुशीत शिरून बसली होती. उन्हात रस्ता पाण्यासारखा हलत होता. समोरून जनावरांचा टेम्पो आला की रंगुबाई डोळे मिटायची.

काकासाहेब फाटकात उभे होते. भला माणूस, हात जोडून म्हणाला, "मावशी, गाय गाभण होती हे ठाऊक होतं, हा सौदा तुम्हाला ठाऊक नाही हे ठाऊक नव्हतं." त्याची बायको ज्योती पंजाबी ड्रेसवर गमबूट घालून पुढं चालली. लांबच लांब गोठा, ओळीनं गाई, वर पंखे, कुठंतरी मोटर धडधडत होती. रंगुबाईच्या तिघी त्या ओळीत उभ्या होत्या. मुकाट मशीनला लागल्या होत्या. त्यांच्या कपाळावरचे ठिपके तिला लांबूनच दिसले. ती थांबली नाही.

हरणी कोपऱ्यात वेगळी बांधलेली. डोळे तांबडे, नाकपुड्या फुगलेल्या, मागचा पाय उचललेला. रंगुबाईनं मोटर बंद करायला लावली. "हरणे," ती म्हणाली. गाईचा सगळा देह थरथरला. मग पाय खाली आला.

कास खरंच तापलेल्या दगडासारखी होती. रंगुबाईनं कढत पाण्यात फडकं बुडवून शेकलं. वासरू पुढं आणवून हरणीच्या तोंडाशी धरलं, ती चाटायला लागली. मग रंगुबाई डाव्या अंगाला बसली आणि डाव्या हातानं एक एक सड मोकळा करत गेली. चीक आला, पिवळा, दाट, पहिल्या धारेत रक्ताची रेघ. वासराला पाजला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. घामानं साडी अंगाला चिकटली, चिकानं, गाईच्या ओल्या केसांनी, वासराच्या लाळेनं पुण्याला घातलेली ती चांगली साडी भरून गेली. उजवं मनगट सुजून आलं होतं. भागवत दारात उभा राहून ते बघत होता.

"मावशी, गाय घेऊन जा परत," काकासाहेब म्हणाले. "माझं काही म्हणणं नाही."

रंगुबाईनं सुजलेल्या मनगटाकडं बघितलं. मग हरणीकडं. "ताप हाय तिला. आता परत टेम्पोत घातली तर नगरच्या पुढं जायची न्हाई." ती ज्योतीकडं वळली. "तू काढशील का धार? मशीन न्हाई. हातानं."

"काढीन. पण ती मला उभी करत नाही."

"करंल."

सांजेला दुसऱ्या धारेची वेळ झाली तेव्हा रंगुबाई चाऱ्याच्या खोलीत गेली. राजेश्वरीची साडी नेसून बाहेर आली आणि अंगावरची, दिवसभराची ओली साडी तिनं ज्योतीला ड्रेसवरून नेसवली. पदर डोक्यावरून पुढं ओढून दिला. "तोंड झाक. बोलू नको. डाव्या अंगाला बस आन् डावा हात आदी लाव, ती त्याला सवकलीय. वासराला आदी दोन घोट घेऊ दे. आन् काय बी झालं तरी भिऊ नको. भ्यालेलं मानूस तिला वासानं कळतंय."

"आणि तुम्ही?"

"मी तिला दिसायला नको. ऐकू यायला बी नको."

ती गोठ्याच्या भिंतीमागं जाऊन उभी राहिली, पाठ भिंतीला लावून. शेजारी राजेश्वरी. आत बूट वाजले, मग थांबले. वासरू धडपडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. एवढी शांतता की राजेश्वरीला आपल्या सासूचा श्वास ऐकू येत होता.

हरणी हंबरली. लांब, खोल, शेवटाला चढवून, जशी ती पुणतांब्यात रंगुबाई नजरेआड झाली की हंबरायची. आणि रंगुबाई प्रत्येक वेळी ओरडून जाब द्यायची, कुठं मेली न्हाई मी, हाय हितंच. तो जाब आताही तिच्या ओठांवर आला. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. हरणी पुन्हा हंबरली. राजेश्वरीनं तिचा हात धरला, तर तो दोरासारखा ताणलेला होता.

मग बादलीच्या बुडाला चर्र वाजलं. एकदा. थांबलं. रंगुबाईनं डोळे मिटले. पुन्हा वाजलं. मग लागोपाठ, रिकाम्या बादलीचा कणकणीत आवाज हळूहळू बसका, भरीव होत गेला.

ज्योती पदर मागं सारून धावत आली. "मावशी, दिलं! दिलं तिनं! या की, भेटा तिला. गप उभी आहे आता."

"नको." रंगुबाईनं तोंडातला पदर काढला. "मी भेटले तर उद्या सकाळी परत तिला माजाच हात लागंल, आन् तू लाथ खाशील. धा-बारा दिस हीच साडी नेस. धुवू नको."

अंधारून येत होतं. भागवतनं गाडीचं दार उघडून धरलं. आईच्या तोंडाकडं बघायचं त्याला धाडस होत नव्हतं. ती आत बसली, राजेश्वरीच्या साडीचा काठ पायांखालून सावरून घेतला. भागवत किल्ली फिरवायची सोडून तसाच बसून राहिला. "आई, एक डाव तिला भेटून..."

"चालव," रंगुबाई म्हणाली. "ती परत हंबरायच्या आत चालव."